लवंगेचे डोहाळे

बिदान इस्तींनी, आमच्या सुईणबाईंनी, टेप माझ्या पोटावर पुन्हा एकदा लावली. पहिल्या वेळी त्या काही बोलल्या नव्हत्या. दुसऱ्यांदा टेप लावली तेव्हा मला कळलं की काहीतरी कमी आहे.

"सव्वीस आठवडे ना, बू वेनिंग?"

"हो."

"चोवीस सेंटिमीटरच्याही जरा आत येतंय." त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "लगेच घाबरून जायचं नाही. कधी बाळ आडवं असतं, कधी आमचा हात चुकतो. पण विचारावं लागतं. घरात कुणी सिगारेट ओढतं?"

"नाही."

"नवरा?"

"त्यांना वाससुद्धा चालत नाही."

"तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी तसं लिहून घेतलं.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की हे खोटं नव्हतं. सिगारेट मी आयुष्यात ओढलेली नाही. जावा बेटावरच्या आमच्या कुदुसमध्ये असं म्हणणंही जरा विचित्र वाटतं, कारण इथल्या निम्म्या घरांची चूल लवंगेच्या सिगारेटींवर पेटते. माझ्या आईने सत्तावीस वर्षं कारखान्यात क्रेटेक, म्हणजे याच सिगारेटी, वळल्या. मी ओढत होते ते वेप होतं, आणि वेपचं मला कुणी विचारलं नव्हतं. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. शब्दाच्या आडोशाला कसं उभं राहायचं, ते मला चांगलं जमतं.

दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवशी मी वेप बंद केलं होतं. आईला त्या वस्तूचा राग होता. ती तिला माझी शिट्टी म्हणायची. "मी सत्तावीस वर्षं दुसऱ्यांसाठी धूर वळला, आणि माझी पोर वीज लावून धूर पिते," असं ती शेजारणींना सांगायची, मी ऐकत असले की जरा मोठ्याने. बातमी कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता ती शिट्टी पुरे." मी अकरा दिवस काढले. तोंड कोरडं पडायचं, पुस्तक उशिरा आणणाऱ्या मुलांवर मी खेकसायचे, पण काढले. बाराव्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गाडीसाठी निघताना, उंबऱ्यात चपला घालता घालता आई खाली बसली. पुन्हा उठली नाही. एक चप्पल पायात होती.

सातव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर मी चौकातल्या दुकानात गेले. पेपरमिंटच्या गोळ्या घ्यायला गेले होते. काचेच्या कपाटात लिक्विडच्या बाटल्या होत्या, त्यातल्या एकीवर लवंगेचं चित्र होतं. पूर्वी मी आंब्याचं किंवा कॉफीचं ओढायचे. लवंगेला कधी हात लावला नव्हता. लवंग घरातच होती, ती विकत कशाला घ्यायची? त्या दिवशी घेतली. पहिला झुरका सोडला आणि खोलीत आईच्या हातांचा वास आला. यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची तयारी चालली होती, तेव्हा बुलिक तार्मीने मला पकडलं. परसात बायका नारळ खवत होत्या. मी विहिरीमागे केळीच्या झाडांत उभी होते. बुलिक पानं कापायला कोयती घेऊन आली, आणि चार पावलांवर थांबली. तिने नाक वर केलं.

"कास्मिना?" ती म्हणाली.

ते माझ्या आईचं नाव. मग तिला मी दिसले.

बुलिक म्हणजे मावशी, पण तार्मी माझी सख्खी मावशी नाही. कारखान्यात काम जोडीने चालतं. एक बाई वळते, दुसरी तिच्यासमोर बसून कात्रीने दोन्ही टोकं कापते. आई वळायची, तार्मी कापायची. तिने आयुष्यात नवऱ्याकडे पाहिलं नसेल इतकं माझ्या आईच्या तोंडाकडे पाहिलं होतं.

"काय गं ते?"

"काही नाही, बुलिक."

"काही नाही कसं? दाखव हात." तिने माझ्या मुठीतून ते काढलं आणि हुंगलं. "लवंग आहे ही. पोटुशी बाई केळीत लपून लवंग ओढते? काय झालंय काय तुला?"

"राहवत नाही, बुलिक," मी म्हणाले. हे खरं होतं.

तिचा चेहरा एकदम उजळला. "राहवत नाही? म्हणजे डोहाळे!"

मी तोंड पुसलं.

"अगं मग चोरून काय करतेस, खुळे! मला थोरल्याच्या वेळी भाजलेली माती खावीशी वाटायची. सगळे हसले. तुझ्या आईने तुबानहून मागवून दिली, पदराखाली लपवून कारखान्यात आणली, आणि मी दिवसभर कात्री चालवत माती चघळली. डोहाळे मारायचे नसतात, न्दुक, माझ्या पोरी. पलीकडच्या सुतीनीला कैरी मिळाली नाही, तर तिच्या पोराची लाळ चार वर्षांचा होईस्तोवर गळत होती. लोक त्याला नळ म्हणायचे."

मला हसू आलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

बुलिकने कोयती खाली ठेवली आणि माझ्या पोटावर हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "आणि लवंगच का हवी, तेही मला कळलं. बाळाला आजी पाहिजे."

त्या वाक्यापुढे माझं काही चाललं नाही. खरं सांगायचं, तर मी चालवूनच पाहिलं नाही.

त्यानंतर ती रोज दुपारी कारखाना सुटला की सरळ आमच्याकडे येऊ लागली. परसातल्या बांबूच्या बाकावर बसायची आणि नव्या जोडीदारणीच्या कागाळ्या सांगायची. "ही नवी पोर इतकं जाड वळते, की कापताना वाटतं मी काकडीच कापतेय. तुझी आई वळायची, तर कात्रीला कळायचंसुद्धा नाही." मग माझ्याकडे पाहायची. "थांबलीस का? ओढ ना." ती स्वतः कधी ओढत नसे. फक्त वारा ज्या बाजूला जाई त्या बाजूला सरकून बसे आणि डोळे मिटे.

बाटली संपली तेव्हा नवी तिनेच आणली.

"मेल्या त्या दुकानात सगळे नखशिखांत गोंदवलेले बाप्ये," ती सांगत होती. "मी आत शिरले तर सगळे गप्प. एक जण म्हणतो, आजी, वाट चुकलात का? म्हटलं, वाट तू चुकलायस, बाळा, मी लवंगेचं घ्यायला आलेय. मग विचारतो, कुणासाठी? पोटुशीसाठी म्हणाले असते तर दिलंच नसतं, भिंतीवर तसं लिहिलंय त्यांनी. म्हटलं, नवऱ्यासाठी."

माझा नवरा लुकितो तंत्रशाळेत मोटारसायकल दुरुस्ती शिकवतो. त्याला कपड्यांच्या कपाटात बाटली सापडली. त्याने ती आणून माझ्यासमोर ठेवली.

"बुलिक म्हणते डोहाळे आहेत," मी म्हणाले.

"बुलिक म्हणते, ते ऐकलं. तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार?"

तो हातातल्या काळ्या फडक्याला बोटं पुसत राहिला. "लाळच गळणार असेल ना निंग, तर गळू दे. आपण रुमाल घेऊ. डझनभर घेऊ." मग माझा चेहरा पाहून बाटली जागेवर ठेवून आला. आई जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. माझ्याशी कुणीच भांडत नव्हतं.

टेप कमी भरली त्या दुपारी मी घरी आले, तेव्हा बुलिक बाकावर बसलेली होती. मी तिला काही सांगितलं नाही. त्या दिवशीही मी ओढलं. हे लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी बंद केलं, तीन दिवस टिकले, आणि चौथ्या दिवशी बुलिक म्हणाली, "अगं, चेहरा किती उतरलाय, बाळाला उपाशी ठेवतेस की काय?" तिने ते उचलून माझ्या हातात दिलं. निकोटिन सोडणं कठीण होतंच. पण त्याहून कठीण होतं ते तिचं देणं नाकारणं, कारण नाकारायचं तर आधी सगळं सांगावं लागलं असतं.

सातव्या महिन्याचं न्हाण, आमची मितोनी, आईशिवाय करू नये असं मला वाटत होतं. बुलिकने ऐकलं नाही. सकाळीच बायका जमल्या, कुराणातली मरियमची सुरा वाचली गेली, अंगणात सात ठिकाणचं पाणी घंगाळात ओतून त्यावर जाईची फुलं सोडली. न्हाण्याआधी होणारी आई आपल्या आईवडिलांपुढे गुडघ्यांवर बसते, त्यांच्या मांडीवर कपाळ टेकते आणि आजवरच्या चुकांची माफी मागते. वडील मला आठवतही नाहीत. आईच्या खुर्चीवर बुलिक तार्मी बसली होती, अंगात नवा केबाया, केसांना भरपूर तेल.

मी वाकले. तिच्या मांडीला इस्त्रीचा वास येत होता. पाठ केलेली वाक्यं मी म्हणायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. लग्नात आईपुढे हीच वाक्यं म्हणताना मनात काही नव्हतं. आता होतं.

"बुलिक," मी तिच्या मांडीतच म्हणाले. "ते डोहाळे नव्हते."

"काय?"

"बाळाला नको होतं. मलाच हवं होतं. आई होती तेव्हापासून ओढते मी. बाळ कमी भरतंय. बिदानबाईंनी विचारलं, तर मी नाही म्हणाले."

माझ्या डोक्यावरचे तिचे हात उचलले गेले.

मागे बायका चुळबुळायला लागल्या. "अगं तार्मी, आशीर्वाद दे की!" कुणीतरी ओरडलं. "किती वेळ वाकवून ठेवतेस पोरीला, पोटात बाळ आहे, उशी नाही!" सगळ्या हसल्या.

बुलिक हसली नाही. ती वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलली. "तीनदा गेले मी त्या दुकानात."

"हो, बुलिक."

"नवऱ्यासाठी म्हणून सांगितलं. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झालीत."

"हो."

"आणि तू घेत राहिलीस."

तिचा श्वास माझ्या कानाशी जड येत होता. मग तिचे हात परत डोक्यावर आले. आशीर्वादाला ठेवतात तसे अलगद नव्हते, भाजी धुवायला धरतात तसे घट्ट होते.

"ऊठ," ती म्हणाली. "भिजायचंय तुला."

सात जणींनी पाणी घातलं. मी रडत होते आणि कुणालाच त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आई नसलेल्या मुलीने मितोनीत रडायचंच असतं. नंतर एकामागून एक सात वस्त्रं माझ्याभोवती गुंडाळायची होती. दर वस्त्राला बायका एका सुरात विचारायच्या, शोभतं का? आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, नाही शोभत! सहा वेळा ओरडा झाला. बुलिकचा आवाज त्यात नव्हता. सातवं वस्त्र म्हणजे साधं पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड. ते तिने दुसरीच्या हातातून घेतलं आणि स्वतः बांधलं.

"शोभतं!" बायका ओरडल्या.

"उद्या बिदानकडे मी येते तुझ्याबरोबर," बुलिक गाठ मारता मारता म्हणाली. "एकटी गेलीस तर परत काहीतरी शब्द शोधून काढशील."

बिदान इस्तींनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"किती वेळा ओढता दिवसातून?"

मी सांगितलं. या वेळी खरं सांगितलं.

"धूर नसला तरी निकोटिन असतंच त्यात. ते बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतं. बाळ लहान राहण्याचं तेवढंच कारण असेल असं मी म्हणणार नाही, पण जे कारण आपल्या हातात आहे ते तरी काढू या. अजून अकरा-बारा आठवडे आहेत. सगळ्यात जास्त अंग याच काळात धरतं बाळ." त्यांनी टेप लावली. सव्वीस. "वाढतंय. मागे आहे, पण वाढतंय. सोमवारी सोनोग्राफी करून घ्या. आणि पहिले दोन आठवडे एकटं राहायचं नाही. तलफ पाच-दहा मिनिटं टिकते. तेवढ्या वेळात कुणाशी तरी बोला, चाला, भांडा. घसरलात, तर लपवायचं नाही, मला येऊन सांगायचं."

बुलिकने घसा साफ केला. "एक विचारू? डोहाळे पुरवलेच नाहीत, तर?"

"बुलिक, लाळ सगळीच बाळं गाळतात. माझी दोन्ही गाळायची, आणि मला तर डोहाळे लागलेच नव्हते."

बुलिकने यावर विचार केला. "मग त्या सुतीनीला आम्ही उगाच बोल लावले," ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ती छत्री उघडायला थांबली. छत्री उघडेना. "मला वाटलं, कास्मिनाचं काहीतरी करायला मिळतंय मला," ती छत्रीकडे बघत म्हणाली. "समोरची जागा रिकामी झाली की हात काय करणार? आणि तो वासही..." मी तिच्या हातातून छत्री घेतली आणि उघडली.

लुकितोने वेपचं यंत्र माझ्यासमोर सुटं केलं, बॅटरी वेगळी काढली आणि बाकीचं फेकून दिलं. अर्धी बाटली उरली होती ती बुलिकने नेली. मी फेकते, म्हणाली.

सोडल्याच्या पहिल्या दिवसापासून बुलिक अंगाला कारखान्याची लवंग राहू नये म्हणून आधी घरी जाऊन, न्हाऊन, कपडे बदलून यायची. अर्धा तास उशीर व्हायचा. मी तिच्यावर चिडायचे, ती माझ्यावर चिडायची. एकदा मी तिला म्हणाले की तुमच्या बडबडीने डोकं उठतं, तर ती म्हणाली, "उठू दे, तेवढाच व्यायाम." ती सकाळी कामावर असायची तेव्हा लुकितो मधल्या सुट्टीत फोन करायचा आणि इंजिनाविषयी काहीही सांगत राहायचा, दहा मिनिटं होईस्तोवर.

नवव्या दिवशी माझा सगळा धीर संपला. सकाळी आईचा, मी न धुता ठेवलेला एक ब्लाऊज धुतला गेला होता. मी नव्हे, शेजारणीने चांगल्या मनाने बादलीतल्या कपड्यांबरोबर धुऊन वाळत टाकला. मी तो दोरीवरून काढून नाकाशी धरला. साबण, ऊन. दुसरं काहीच नाही.

बुलिक आली तेव्हा मी बाकावर बसून होते.

"ती बाटली तुमच्याकडे आहे ना?" मी म्हणाले.

"कुठली?"

"बुलिक."

ती बाजूला बसली. "होती. परवा ओतली मोरीत."

"परवा? मग इतके दिवस?"

"झाकण काढून बसायचे, रोज थोडा वेळ." तिला लाज वाटली. "पण तुझ्या आईचा वास तसा नव्हताच गं. लवंग हातांना असायची, ती कारखान्यात सगळ्यांच्याच हातांना असते. तिच्या मानेला लिंबाचा वास यायचा, आणि चिडली की घामाचा. ते बाटलीत कुठून येणार? बसून बसून मला तेवढी लवंगच आठवायला लागली, बाकीची ती जायला लागली. म्हणून ओतली."

मी ऐकलं. सगळं कळलं, आणि तरीही मी मनात वाट मोजत होते. उठून चौकापर्यंत जायला सात मिनिटं लागतात.

"बुलिक, या वेळी खरंच बाळाला हवंय," मी म्हणाले. "शप्पथ. आत ढुशा मारतंय. एकदाच. मी त्यानंतर—"

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. रागावलीही नाही. सरकून माझ्यासमोर आली, कात्री धरून धरून घट्टे पडलेला हात माझ्या पोटावर ठेवला, आणि दाराशी कान लावून ऐकावं तशी मान वाकडी केली. आम्ही थांबलो. बाळाने एकदा ढुशी मारली, मग दुसरी.

"विचारलं मी," बुलिक म्हणाली.

"काय म्हणतंय?"

"म्हणतं, मला काही नको. आईलाच हवंय, तिचं तुम्ही बघा."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी इतकी रडले की शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली. बुलिकने हात काढला नाही. किती वेळ गेला माहीत नाही. दहा मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त.

"झालं?" तिने विचारलं.

"नाही. पण कमी आहे."

"मग चल, घाल चपला. चौकाकडे नाही, या बाजूने. नदीपर्यंत जाऊ आणि येऊ. आणि वाटेत मला सांग, ती कशी चिडायची. तू घरातलं सांग, मी कारखान्यातलं सांगते."

मी चपला घातल्या.